घरचे कागद

मिनेसोटा, अमेरिका
१४ ऑगस्ट २००३

काकाजी,

जयभीम. फोनवर तुम्ही "हं" न् "बरं" याच्या पुढं बोलत नाही, म्हणून हा कागद लिहून राहिली. माझं मराठी तुमाले माहीत आहे. शाळा हिंदीत झाली, मराठी आलं ते कांतामावशीच्या तोंडून. तेच लिहीन. चुका काढू नका.

मावशीच्या पुण्यानुमोदनाले मी येऊ शकली नाही, व्हिसाचं काम अडकलं होतं. माय गेली तेव्हा मी लहान होती, मले काही समजलं नव्हतं. मावशीनं रायपूरले तुमच्या घरी आणलं न् मोठं केलं. आता मावशी गेली तं माय दुसऱ्यांदा गेल्यासारखी गत झाली. याच्यापेक्षा जास्त लिहीत नाही. तुमाले आवडत नाही.

तुमाले वाटत असन, पोट्टी तिथं करते काय. तं ऐका. इकडं दीडशे वर्षाआधी नॉर्वे देशातून शेतकरी लोक आले. जमीन थोडी, खाणारे जास्त, म्हणून आले. त्यायचे घरचे कागद जपून ठेवायचं एक छोटं दफ्तर आहे, चर्चच्या मागं. तिथं मले काम भेटलं. जंग लागलेल्या टाचण्या काढायच्या, घड्या हातानं सरळ करायच्या, कोणाचा कोणाले ते वर लिहायचं. लोक आजीच्या पिठाच्या डब्यातून कागद काढून आणतात. नातवायले तो वाचता येत नाही, ती भाषाच गेली. तरी हातात धरून रडतात.

काम करता करता मावशी आठवते. म्हणून एक विनंती आहे. मावशीचे घरचे कागद सांभाळा. एकही इकडचा तिकडं होऊ देऊ नका. अश्विनच्या हाती तं मुळीच देऊ नका, त्याले त्यायची किंमत नाही. मले सगळे पाहिजे. झेरॉक्स नको, मूळच पाहिजे. तुम्ही हो म्हटलं की मी पुढचं पाहते.

तुमची पोट्टी,
अपर्णा


तेलीबांधा, रायपूर
५ सप्टेंबर २००३

चि. अपर्णा हिस आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. माझी प्रकृती ठीक आहे. रविवारी अश्विन आणि वैशाली भिलाईहून येतात, तेव्हा सून स्वयंपाक करून ठेवते. इतर दिवशी मी करतो.

नॉर्वेच्या लोकांविषयी लिहिलेस ते वाचले. एवढी गोष्ट कशासाठी सांगितलीस ते शेवटी समजले. शेवट मी पुन्हा वाचला.

घराचे कागद सुरक्षित आहेत. हा प्लॉट घेतला तेव्हा इथे तलावाकाठी धानाची शेते होती. सरकारी कारखान्यातले सोबती हसत, म्हणत मेश्राम तलावात घर बांधणार. रजिस्ट्री कांताच्या नावाने केली, कारण तिने जागा पाहिली होती. नवे राज्य झाले, रायपूर त्याची राजधानी झाले, तसे हे सगळे बदलले. आता रोज कोणीतरी मोटारसायकल लावून फाटकातून घर पाहतो. कांता गेल्यावर महिन्याभरात दोघे दलाल आले. एक म्हणाला, "अंकल, रजिस्ट्री आंटी के नाम पर है ना? जल्दी नाम चढ़वा लीजिए. बाद में विदेश से भी वारिस निकल आते हैं."

मी फाटक लावून घेतले. त्याच आठवड्यात तुझे पत्र आले.

अश्विनला दाखवले. तो म्हणाला, "पापा, ओरिजिनल क्यों मांग रही है? और मेरे हाथ में मत देना, ये क्या बात हुई?"

म्हणून विचारतो. कोणते कागद, आणि कशासाठी? जावयांना, मिलिंदरावांना, हे माहीत आहे का? स्पष्ट लिहावे.

हिरालाल मेश्राम


मिनेसोटा
२२ सप्टेंबर २००३

काकाजी,

जयभीम. तुमचा कागद आला. खाली पूर्ण सही पाहून मले हसू आलं. मी काय बँक आहे का?

कोणते म्हणून काय विचारता, सगळेच. आजीच्या वेळेपासूनचे, मावशीच्या नावाचे जेवढे आहेत तेवढे. मावशी मले काढून दाखवायची न् म्हणायची, "मी गेल्यावर हे तुहेच. अश्विनले काय करायचे आहेत?" तुमच्यासमोर म्हणाली नसन. तुम्ही ड्युटीवर राहायचे.

मिलिंदले सगळं माहीत आहे. तो म्हणते, पोस्टाचा भरोसा नाही, तूच जा न् घेऊन ये. डिसेंबरात सुट्टी भेटली तं येते. इथं कपाट आहे, थंड न् कोरडं. तिकडं मागच्या खोलीत उधई लागन, सारे कागद खाऊन टाकन, मग बसा बोंबलत.

एक काम आहे. आमच्या दफ्तरात देणाऱ्याची सही घेतात, की याच्यावर आता आमचा हक राहिला नाही. मले वाटते तुमचीही घ्यावी, म्हणजे उद्या कोणी तोंड उघडायले नको. मावशीच्या मागं तुम्हीच, म्हणून तुमची एक सही पुरते. अश्विनची नको.

मागच्या हप्त्यात इंगाबाई आल्या होत्या, काठी टेकत. बिस्किटाचा डबा भरून कागद. मले म्हणे, "मी मेल्यावर हे कोण वाचन?" मी म्हटलं, "मी शिकून राहिली तुमची भाषा." मग विचारलं, "तू कुठली?" मी म्हटलं, "रायपूरची." तं म्हणे, "ते नॉर्वेत कोणत्या बाजूले आलं?"

मावशी असती तं पदर तोंडाले लावून हसली असती.

अपर्णा


तेलीबांधा, रायपूर
१२ ऑक्टोबर २००३

चि. अपर्णा,

पत्र मिळाले. दसऱ्याला यंदा दीक्षाभूमीवर गेलो नाही. कांताशिवाय जाण्याची सवय नाही.

रजिस्ट्री मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे. किल्ली अश्विनकडे आहे.

हे तुझेच, असे कांता म्हणायची, असे तू लिहिलेस. मला ती असे कधी बोलली नाही. आता ती सांगायला नाही, म्हणून तिच्या नावाने काहीही लिहिता येते. तुला या घरात कसे वागवले ते मी काढत नाही, तूही जाणतेस. पण माझी सही घ्यायची, अश्विनला बाजूला ठेवायचे, कागद परदेशात नेऊन कपाटात ठेवायचे, आणि उद्या कोणी तोंड उघडायला नको, हे सगळे तू हसत लिहितेस. मी साधा माणूस आहे, पण बत्तीस वर्षे सरकारी नोकरी केली आहे. सही म्हणजे काय ते मला कळते.

तेव्हा आधी तू लिहून दे. तेलीबांध्याच्या घरावर माझा हक्क नाही आणि पुढे सांगणार नाही, असे कोऱ्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. ते आले की आपल्यात पहिल्यासारखे राहील.

पाऊस संपला. घराला चुना द्यायचा आहे म्हणून मागची खोली रिकामी करत आहोत. तिथे तुझी कॉलेजची पुस्तके आहेत आणि कांताची पत्र्याची पेटी आहे. पेटीत जुन्या चिठ्ठ्या आहेत, कामाचे काही नाही. रद्दीवाल्याला सांगितले आहे. पुस्तकांपैकी काही पाहिजे असल्यास कळवावे.

हिरालाल मेश्राम


मिनेसोटा
२७ ऑक्टोबर २००३
(कुरिअरने)

काकाजी,

रद्दीवाल्याले थांबवा. बाकीचं मागून वाचा. आधी उठा न् पेटी आत घ्या.

घेतली का?

मी फोन लावला होता. अश्विननं उचलला. "अब और क्या चाहिए दीदी?" म्हणाला न् ठेवून दिला. पुन्हा लावला तं घंटीच वाजत राहिली.

काकाजी, मी घराचे कागद मागितले कधी? माझा पहिला कागद काढून पाहा. मी घरचे मागितले. तुम्ही उत्तरात घराचे लिहिलं, मी वाचलं न् मले वाटलं तुमचं शुद्ध मराठी आहे, असंच लिहीत असतीन. मले पेटीच पाहिजे होती. तुमची रजिस्ट्री घेऊन मी काय करू? इथं तिच्यावर पापड वाळवू?

मावशी पत्राले पत्र कधी म्हणालीच नाही. चिठ्ठीही म्हणाली नाही. तिच्या माहेरी कागदच म्हणतात. सायकलची घंटी वाजली की दारातून ओरडायची, "आईचा कागद आला वो!" सारं घर ऐकायचं. मी तिचं बोलणं लिहिलं. जसंच्या तसं लिहिलं. तुमाले तिचा शब्द ओळखू आला नाही?

सोबत वेगळ्या पानावर लिहून दिलं आहे. घरावर हक नाही, पुढंही सांगणार नाही. साक्षीदार मिलिंद न् इंगाबाई. इंगाबाईनं विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. त्यायनं चष्मा लावला, सही केली न् म्हणाल्या, "आमच्यातही बाई गेली की पहिले हेच होते."

पहिल्यासारखं राहीन, असं तुम्ही लिहिलं. राहीन का ते मले माहीत नाही. पेटीचं तेवढं कळवा.

अपर्णा


तेलीबांधा, रायपूर
१५ नोव्हेंबर २००३

चि. अपर्णा,

तुझा कागद मिळाला.

पेटी आहे. हे आधी लिहितो.

रद्दीवाला तुझे कुरिअर येण्याच्या आधीच येऊन गेला होता. तुझी पुस्तके, वर्तमानपत्रे, अश्विनच्या जुन्या वह्या त्याने घेतल्या. पेटी उघडून त्याने एक आंतर्देशीय काढले, बोटांत चोळले आणि परत टाकले. म्हणाला, "अंकल, इसकी पुड़िया नहीं बनती. पतला है, तेल पकड़ लेता है. गोल बाज़ार में कोई नहीं लेगा." म्हणून पेटी वाचली. मी काही केले नाही. तुझी पुस्तके मात्र गेली.

तुझा पहिला कागद काढून पाहिला. अगदी पहिल्या ओळीत तू "हा कागद लिहून राहिली" असे लिहिले आहेस. तेव्हा मला वाटले, पोरीला पत्र हा शब्द आठवला नाही. पुढे वाचत गेलो.

अश्विनला तुझे लिहून दिलेले पान दाखवले. तो म्हणाला, "ये इंगा कौन है?" तू अजून काही लपवत असशील असे त्याला वाटते. मलाही मधून मधून वाटते. घरात एकटा असलो की तशी सवय लागते. पण किल्ली मी परत मागून घेतली आहे.

पेटीतले कागद मी वाचले. मला आलेले नाहीत, म्हणून आधी दोन दिवस नुसता बसून राहिलो. सगळे कांताच्या आईचे आहेत. म्हातारीला लिहिता येत नव्हते. ती सांगायची आणि मारोती, कांताचा धाकटा भाऊ, लिहायचा. धान, म्हैस, कोणाचे लग्न ठरले, कोणाला मुलगा झाला. आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच गोष्ट.

लग्नानंतरच्या पहिल्या कागदात आहे, "जावई बोलून राहिले का?" पुढच्यात, "आता तरी बोलते का?" अश्विन झाला तेव्हा, "लेकरू झालं, आता तं बोलत असतीन." मग एकात, "अजूनही नाही? आम्ही पाहायले आलो तवा चांगले हो म्हणाले होते. मुके तं नाही नं?" मारोतीने ते तसेच लिहून टाकले आहे.

कांताने काय उत्तर दिले ते पेटीत नाही.

पेटी अमेरिकेला पाठवणार नाही. रागाने नाही. तुझ्या नॉर्वेच्या लोकांचे कागद ते जिथे येऊन राहिले तिथेच ठेवले आहेत, असे तूच लिहिलेस. कांता भंडाऱ्याकडून रायपूरला आली आणि इथे राहिली. नव्या सरकारच्या, जुने कागद जपणाऱ्या एका दफ्तरात पेटी नेऊन ठेवता का म्हणून विचारले. तिथले साहेब म्हणाले, "ये तो मराठी में है. नागपुर ले जाइए." नागपूरला ती कधी राहिली नाही. तेव्हा पेटी या घरात राहील. तुला यायचे तेव्हा ये.

काका


मिनेसोटा
५ डिसेंबर २००३

काकाजी,

जयभीम. खाली नुसतं "काका" लिहिलं ते पाहिलं. बरं.

पुस्तकं गेली तं जाऊ द्या. तशीही नापास होण्याच्या कामाची होती.

पेटीचं तुमचं म्हणणं मी दफ्तरातल्या बाईले सांगितलं. ती म्हणाली, त्यायचं बरोबर आहे. मले थोडं वाईट वाटलं. पण ती म्हणाली.

आता ऐका. मावशीचं उत्तर पेटीत कसं राहीन? आलेले कागद आपल्याकडं राहतात, लिहिलेले दुसऱ्याकडं जातात. आमच्याकडं हेच रडगाणं आहे. इकडं नॉर्वेहून आलेले कागद आहेत. इकडून गेलेले तिकडं कोणाच्या माळ्यावर पडले आहेत. तिकडं अमेरिकेचा कागद आला की सारं गाव वाचायले जमायचं म्हणे. मग आम्ही तिकडं लिहून विचारतो, तुमच्या घरी काही आहे का. अर्धे लोक उत्तरच देत नाहीत. त्यायले वाटते हे जमीन मागायले आले.

म्हणून सांगते, मावशीचे कागद आजीच्या घरी असतीन. मारोतीमामाकडं. तोच वाचून दाखवायचा आजीले. मले डिसेंबरात सुट्टी नाही भेटली. तुम्हीच जा. इतक्या वर्षात सासरवाडीले किती वेळा गेले, मले माहीत आहे. आता जा.

पण तिथं बोलावं लागन काकाजी. नुसतं "हं" म्हणून बसू नका. मले तं शक आहे, तुम्ही जाणारच नाही न् मले लिहाल की गाडी सुटली.

अपर्णा


तेलीबांधा, रायपूर
१८ जानेवारी २००४

चि. अपर्णा,

गाडी सुटली नाही. गोंदियाला उतरलो, तिथून साकोलीची बस मिळाली, पुढे तीन मैल चाललो. कळवले नव्हते. कळवायचे म्हणजे काय लिहायचे ते सुचले नाही.

मारोती अंगणात धान भरत होता. मला पाहून पोते तसेच सोडले. "भाऊजी? काहून आले? अश्विन बरा आहे नं?" मी बरा आहे म्हणालो. खाट टाकली, पाणी दिले. मला तुझे शब्द आठवले की बोलावे लागेल. म्हणून मी म्हणालो, "कांताचे कागद न्यायला आलो."

मारोतीने बायकोकडे, वनमालाबाईकडे, पाहिले. ती चहा ठेवायला निघाली होती, ती दारातच थांबली.

"कोणते कागद?" मारोती म्हणाला.

"कांताचे. तुमच्याकडे असतील ते."

"आमच्याकडं तिचं काय राहणार? सातबारा माझ्या नावानं आहे."

दारातून वनमालाबाई म्हणाली, "बाई होती तवा पाय लागले नाही या घराले. आता कागद आठवले. राजधानीतले लोक झाले नं. बहिणीचा हिस्सा निघते म्हणून कोणी सांगितलं असन."

मी नाही म्हणालो. मारोती म्हणाला, "नाही तं लिहून द्या भाऊजी. राग नका मानू. जमाना असा आहे."

मी राग मानला नाही. त्याने शेजारच्या दोघांना बोलावले. सासरच्या जमिनीवर माझा किंवा अश्विनचा हक्क नाही, असे मी लिहिले, त्यांनी सह्या केल्या. अपर्णा, लिहिताना मला तुझे पान दिसत होते. तू त्यावर काही वाईट लिहिले नव्हतेस. एक अक्षरही नव्हते. माझ्या हातून तिथे एक शब्द खोडला गेला आणि पुन्हा लिहावा लागला.

पान घडी करून खिशात ठेवल्यावर मारोतीने विचारले, "आता सांगा, नेमके कोणते?" मी सांगितले की कांता आईला लिहायची ते, तुम्ही वाचून दाखवायचे ते. त्याने कपाळावर हात मारला. "हात्तीच्या! ते कागद! भाऊजी, आधी सांगावं नं!" मी म्हणालो की तेच सांगितले होते. वनमालाबाई हसता हसता खाली बसली. चहा तेव्हा आला.

पण कागद नाहीत. मी गेल्यावर कांताचे सगळे माझ्याबरोबर द्या, असे म्हातारीने सांगून ठेवले होते. तसे दिले. मारोतीने मला तिच्या मातीची जागा दाखवली, ओढ्याच्या पलीकडे. तिथे आता काही नाही, बाभळी आहेत.

मी निघालो होतो. वनमालाबाईने थांबवले. म्हातारीचा फोटो भिंतीवर आहे. काच ढिली होती म्हणून मागे काहीतरी कोंबले होते, ते बहुतेक तेच असेल, असे ती म्हणाली. मारोतीने फोटो उतरवून खिळे काढले. चार घड्यांचा कागद निघाला. कांताचे अक्षर आहे. एका बाजूला ओल लागून गेले आहे, बाकीचे वाचता येते. मारोतीने विचारले, वाचून दाखवू का? मी नाही म्हणालो. बसमध्ये वाचला.

तू नक्की विचारशील, म्हणून तेवढे उतरून देतो.

"आई, जावई बोलत नाही म्हणून जीवाले लावून घेऊ नको. माझं बोलणं दोघायले पुरून उरते. मी बोलत असली की जेवण झालं तरी ते ताटावरून उठत नाही. हात वाळते, पण उठत नाही. आता पुढच्या कागदात हे विचारू नको."

म्हातारीने तरीही विचारले होते. तो पुढचा कागद पेटीत आहे.

मारोती आणि वनमालाबाई उन्हाळ्यात रायपूरला येतो म्हणाले आहेत. तुला सुट्टी मिळाली तर तूही तेव्हाच ये. पेटी मी मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणली आहे, चुन्याचा वास गेला की तिथेच ठेवीन. टाचण्या मी काढलेल्या नाहीत, कशा काढायच्या ते मला माहीत नाही. पेटीतले सगळे तू वाच, लाव, उतरून घे, तू म्हणशील तसे होईल. अश्विनलाही सांगितले आहे.

हा एक मात्र मागू नकोस.

काका